वाळूतलं झाड

(मंडळाच्या सप्टेंबर २०२५ च्या मासिक कार्यक्रमात, दुबई सिलिकॉन ओएसिसमध्ये केलेल्या भाषणाचं हे लेखी रूप. बोलताना जे विसरलो ते इथे घातलंय, आणि जे उगाच बोललो ते गाळलंय.)



कमिटीकडून फोन आला तेव्हा मला आधी वाटलं, वर्गणी राहिली असणार. पण "तुमच्या बाल्कनीतल्या त्या बुटक्या झाडांबद्दल बोला" असं म्हटल्यावर मी जरा घाबरलोच. मी काही वनस्पतिशास्त्रज्ञ नाही. शिक्षण कॉम्प्युटर इंजिनीअरिंगचं, पोट सॉफ्टवेअरवर. झाडांच्या बाबतीत माझी खरी पात्रता एकच, ती म्हणजे मी बरीच झाडं मारली आहेत. तेव्हा आज जे सांगणार आहे ते यशाचे मंत्र वगैरे नाहीत. एका झाडाची गोष्ट आहे, आणि तिच्या अनुषंगाने थोडी माहिती.

बोन्साय म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतो पाइन वृक्ष. उथळ कुंडी, वाकडं खोड, सुयांसारखी पानं. जपानी लोक रानात आपोआप वाढलेलं, वाऱ्यापावसाने खुरटलेलं झाड शोधून, खणून आणतात. त्याला ते 'यामादोरी' म्हणतात, म्हणजे डोंगरातून घेतलेलं. पण सगळं काही डोंगरातून आलेलं नाही. शिकोकू बेटावर ताकामात्सु नावाचं शहर आहे. जपानमधली पाइनची बहुतेक बोन्साय आज तिथून येतात. तिथे हा धंदा सुरू झाला साधारण दोनशे वर्षांपूर्वी, आणि तो झाला समुद्रकाठच्या वाळूत उगवलेले खुरटे पाइन खणून कुंडीत लावण्यापासून. पुढे लोकांच्या लक्षात आलं की किनाऱ्यावरचा साठा काही अक्षयपात्र नाही. मग त्याच भागातल्या निचऱ्याच्या रेताड जमिनीत त्यांनी पाइनचे मळेच केले. आज तिथे शेतात ओळीने पाइन उभे असतात, आपल्याकडे कांदा असतो तसे.

आता आपल्या महाराष्ट्रात रानटी पाइन कुठून आणायचा? तो हिमालयात. आणि इथे यू.ए.ई.त तर नावच नको. पण आपल्याकडे पाइनसारखं दिसणारं, वाळूत वाढणारं एक झाड आहे, आणि तुम्ही सगळ्यांनी त्याच्या सावलीत बसून भेळ खाल्लेली आहे. सुरू! काशीद, दिवेआगर, मुरूड, गुहागर, कुठेही जा, समुद्र आणि गाव यांच्या मध्ये सुरूचं बन असतंच.

गंमत म्हणजे सुरू पाइनच्या कुळातला नाहीच. त्याला फुलं येतात. आपण ज्यांना सुया म्हणतो त्या सुया नसून बारीक हिरव्या डहाळ्या असतात. एखादी हातात घेऊन ओढा, सांध्यांवर टकटक तुटते. प्रत्येक सांध्यावर भिंगातून पाहिलं तर खवल्यांसारखी इवलीशी पानं दिसतात. हे झाड कोकणातलंही नाही. मूळचं आग्नेय आशिया आणि ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यांवरचं. १८६८ च्या सुमारास कारवारच्या किनाऱ्यावर सरपणासाठी त्याची लागवड झाली आणि तिथून ते सगळ्या किनाऱ्यावर पसरलं. म्हणजे आपण ज्याला अस्सल कोकणी म्हणून फोटो काढतो, तो सुरूसुद्धा आपल्यासारखाच बाहेरून येऊन स्थायिक झालेला! (टाळ्या झाल्या होत्या. लिहिताना सोडवत नाही.)

तर माझी गोष्ट. माझ्या मामाचं गाव दापोली तालुक्यात, समुद्राला लागून. मे २०१७ मध्ये एका मुंजीसाठी गेलो होतो. तेव्हा मला बोन्सायचं वेड नवीन लागलेलं. दोन-तीन पुस्तकं वाचून झालेली, हत्यारं विकत घेऊन झालेली, म्हणजे नवशिक्याचं सगळं झालेलं. एका संध्याकाळी किनाऱ्यावरच्या सुरूबनाच्या कडेला एक झाड दिसलं. गुडघ्याएवढं उंच, खोड अंगठ्याहून जाड, समुद्राच्या वाऱ्याने एका बाजूला वळलेलं. पुस्तकात चित्र असावं तसं. मी इकडेतिकडे पाहिलं. कुणी नव्हतं. वाळूत हात घातला, दोन-तीन हिसके दिले आणि झाड हातात आलं.

मंडळी, वाळूतून झाड काढणं इतकं सोपं असतं, हाच तिथला सापळा आहे. हातात आलेल्या झाडाकडे मी पाहिलं तर दोरीसारखी दोन लांब मुळं, तीही तुटलेली, आणि मातीचा एक कण नाही. घरी आणून कुंडीत लावलं. मामा ओटीवर बसला होता. त्याने विचारलं, "कुठलं?" मी म्हटलं, "बनातलं." तो म्हणाला, "विचारलंस कुणाला?" मी म्हटलं, "मामा, एवढंसं तर झाड." मामा पुढे काही बोलला नाही. पान जमवायला लागला.

मी परत आल्यावर तिसऱ्या आठवड्यात मामाने फोनवर सांगितलं, "तुझं झाड गेलं रे." बनातली झाडं वन खात्याने वादळवाऱ्यापासून गावाला आडोसा म्हणून लावलेली असतात, हे मला माहीत नव्हतं असं नाही. माहीत असून मी उपटलं, आणि वर जगवलंही नाही. चोरी ती चोरी, आणि तीही वाया.

आता ते का मेलं, हे समजून घेतल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. चिकणमातीत किंवा आपल्या काळ्या मातीत झाड खणलं की मुळांभोवती मातीचा गड्डा राहतो. त्यात झाडाचं अन्नपाणी चालू ठेवणारी बारीक तंतुमुळं सुरक्षित असतात. वाळूला पकडच नसते, ती गळून जाते. दुसरं म्हणजे वाळूत पाणी वर राहत नाही, त्यामुळे मुळं पाण्याच्या मागे लांब लांब पळतात. खोडाजवळ फक्त जाड मुळं असतात. ती दोरखंडासारखी, झाड उभं ठेवायला. पाणी पिणारी तोंडं पाच-सात फुटांवर. मी खोडाजवळ हिसका दिला, म्हणजे झाडाची सगळी तोंडं वाळूतच सोडून आलो. वरून मे महिना. पानांतून पाणी उडतंय आणि खालून घोटभरही येत नाही.

तिसरी गोष्ट तर मला तेव्हा अजिबात ठाऊक नव्हती. वाळूत खाणंपिणं फार कमी असतं, म्हणून अशा झाडांनी भागीदार ठेवलेले असतात. पाइनच्या मुळांवर पांढऱ्या बुरशीचं जाळं असतं. ते दूरवरचं पाणी आणि क्षार झाडाला आणून देतं, त्या बदल्यात साखर घेतं. सुरूच्या मुळांवर गाठी असतात. त्यांत फ्रँकिया नावाचे जिवाणू राहतात आणि ते हवेतला नत्र धरून झाडाला देतात. नवशिका माणूस काय करतो? 'स्वच्छ' करायचं म्हणून नळाखाली मुळं खळखळून धुतो. मीही धुतली होती. भागीदारांना हाकलून दुकान चालू ठेवायचा प्रकार!

पुढच्या वर्षी, जुलै २०१८ मध्ये, परत गेलो. आपल्या दुबईतल्या शाळांना सुट्ट्या जुलै-ऑगस्टमध्ये. लोक म्हणतात, "काय उपयोग, ऐन पावसात जावं लागतं." झाडवेड्या माणसाला याहून चांगली सुट्टी नाही. कोकणात झाड हलवायचं तर पावसाळ्यातच. हवेत ओल असते, ऊन नसतं.

या वेळी मी मामाला विचारलं. मामाने वाडीच्या समुद्राकडच्या बाजूला, गडग्यालगत, वाऱ्याला आडोसा म्हणून सुरूची एक ओळ लावली होती. त्यातला एक गुरांनी शेंडा खाऊन खाऊन खुरटलेला. बाकीचे तीस-तीस फूट, हा चार फूट. खोड मात्र मनगटाएवढं. मामा म्हणाला, "हा घे. पण या वेळी घाई करू नकोस."

आमच्या धंद्यात जुनी सिस्टिम नव्या सर्व्हरवर हलवायची असते. एका रात्रीत सगळं उचलून टाकणारा माणूस सोमवारी सकाळी रडतो. शहाणा माणूस अर्धं हलवतो, चालतंय का बघतो, मग उरलेलं. वाळूतल्या झाडाचंही नेमकं तसंच आहे. फरक इतकाच की इथे बॅकअप नसतो. तर आम्ही काय केलं ते क्रमाने सांगतो.

पहिलं वर्ष. खोडापासून फूटभर अंतरावर वर्तुळ आखलं. त्यातल्या अर्ध्याच भागात हातभर खोल चर खणला. आडवी आलेली जाड मुळं धारदार करवतीने साफ कापली. पहार मारून तोडायची नाहीत, चिंधड्या झालेलं मूळ कुजतं. चरात तीच वाळू, कुजलेलं शेणखत आणि नारळाच्या सोडणाचा भुसा असं मिश्रण भरलं. कापलेल्या तोंडांपासून नवी बारीक मुळं फुटतात आणि या ओलसर भुशात रमतात. दुसऱ्या अर्ध्या भागातली मुळं तोपर्यंत झाडाला पोसत असतात.

दुसरं वर्ष, जुलै २०१९. उरलेल्या अर्ध्या भागात तेच. चर उकरताना पहिल्या वर्षीच्या भुशाचा एक कोपरा हाताने बाजूला केला, तर आत पांढऱ्या केसांसारखी मुळंच मुळं. मला शाळेत पहिला आल्यासारखं वाटलं.

तिसरं वर्ष म्हणजे जुलै २०२०. झाड उचलायचं वर्ष. आणि तेव्हा काय झालं ते तुम्हाला सांगायला नकोच. कोविड आला, विमानं बंद झाली. त्यात ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि दापोली तालुक्यानेही त्याचा तडाखा खाल्ला. चार-पाच दिवस मामाचा फोन लागला नाही. इथे सिलिकॉन ओएसिसमध्ये, नवव्या मजल्यावर, लॅपटॉपसमोर बसून मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये मान हलवत होतो आणि दुसऱ्या हाताने मामाचा नंबर लावत होतो. तुमच्यापैकी कितीजणांनी त्या वर्षी असे नंबर लावले असतील.

शेवटी लागला. घराची कौलं उडाली होती, चाळीसेक पोफळी आणि अकरा माड आडवे, सुरूची ओळ जवळजवळ सगळी मुळासकट उपटलेली. माणसं सगळी ठीक. मला पुढे काय बोलावं सुचेना. तर मामाच म्हणाला, "तुझा बुटका तेवढा उभा आहे. वाऱ्याला दिसलाच नाही तो."

जुलैच्या शेवटी, लाईट आल्यावर, मामाने झाड स्वतः उचललं. मी व्हिडिओ कॉलवर. नेटवर्क जायचं, यायचं. आदल्या दिवशी त्याने बुंध्याशी दहा-बारा घागरी पाणी ओतलं, कारण ओली वाळू थोडी तरी धरून राहते. मग सगळीकडून उकरलं, खालून करवतीने सोटमूळ कापलं, आणि हळूच गोणपाट सरकवून मुळांसकट सुतळीने गच्च बांधलं. या वेळी गड्डा सुटला नाही. दोन वर्षांच्या बारीक मुळांनी वाळू आणि भुसा मुठीत धरल्यासारखा पकडला होता.

कुंडी नव्हती. दुकानं बंद. मग मामाने आंब्याची लाकडी पेटी घेतली, तळाला जाळी, वर जांभा दगडाची आणि विटांची चाळलेली खडी. साधारण ज्वारीपासून हरभऱ्यापर्यंतच्या आकाराचे तुकडे ठेवायचे, बारीक चूर फेकून द्यायचा. त्यात दोन-तीन ओंजळी मूळची वाळू, फ्रँकियासाठी. झाड पेटीला सुतळीने घट्ट आवळलं. हे बांधणं फार महत्त्वाचं. झाड हललं की नवी मुळं तुटतात. पानं मी सगळी काढू दिली नाहीत. सुरू काय, पाइन काय, हिरवा भाग थोडा तरी ठेवावाच लागतो. पाइनच्या बाबतीत तर ज्या फांदीवर एकही हिरवी सुई ठेवली नाही, ती फांदी गेलीच म्हणून समजा. खत सहा महिने अजिबात नाही. आजारातून उठलेल्याला पुरणपोळी घालू नये.

चोवीस दिवसांनी मामाने फोटो पाठवला. टोकांना पोपटी कोंब. मी मीटिंगमध्ये होतो. कॅमेरा बंद करून डोळे पुसले, हे आज पहिल्यांदाच सांगतोय.

आता साहजिकच तुम्ही विचाराल की ते झाड इथे का नाही आणलं? त्याला कारण आहे. झाड देशाबाहेर न्यायचं तर तिकडून रोगकिडीमुक्त असल्याचं सरकारी प्रमाणपत्र लागतं, इकडच्या मंत्रालयाची आयात परवानगी लागते, आणि मुळांना माती चालत नाही. नियम योग्यच आहेत, मातीतून कीड आणि रोग देशोदेशी जातात. पण म्हणजे तीन वर्षं जपलेला तो गड्डा पुन्हा धुऊन काढायचा, म्हणजे २०१७ ची चूक कागदपत्रांसह पुन्हा करायची. बॅगेत लपवून आणायचा विचार तर कुणी करूच नये. तेव्हा झाड मामाकडेच राहिलं. मी वर्षातून एकदा जाऊन फांद्यांना तार गुंडाळायची, छाटायचं, आणि बाकीचे साडेअकरा महिने मामाने पाणी घालायचं. म्हणायचं माझं झाड!

मग इथे मी काय करतो? सुरुवातीला मलाही वाटलं होतं, एवढं वाळवंट आहे, काहीतरी मिळेलच. आपल्या घराच्या जवळच मुश्रिफ पार्क आहे, तिथे घाफची झाडं आहेत. घाफ म्हणजे कोण माहीत आहे? आपली शमी! शास्त्रीय नाव एकच. विदर्भ-मराठवाड्यात काही ठिकाणी सौंदड म्हणतात, राजस्थानात खेजडी. पांडवांनी अज्ञातवासात शस्त्रं लपवली ती हीच शमी. गणपतीच्या पत्रींत असते ती हीच. इथल्या सरकारने २००८ मध्ये घाफला राष्ट्रीय वृक्ष म्हणून जाहीर केलं आणि २०१९ च्या 'सहिष्णुता वर्षा'चं बोधचिन्हही घाफच होतं.

वाळवंटात कधी कधी फूट-दीड फुटाचं, गाठीगाठीचं घाफ दिसतं. उंट आणि बकऱ्यांनी वर्षानुवर्षं शेंडे खाऊन त्याचं आपोआप बोन्साय झालेलं असतं. माझ्यासारख्याच्या हाताला खाज सुटते. पण मंडळी, हात लावायचा नाही. एक तर इथे रानातली झाडं तोडणं, उपटणं हा गुन्हा आहे. दुसरं, ते वर फूटभर दिसलं तरी त्याचं सोटमूळ पाण्याच्या शोधात खाली कित्येक मीटर गेलेलं असतं. मोठ्या घाफची मुळं तीस मीटरपर्यंत खोल गेल्याचं सांगतात. वरच्या दोन फुटांत बारीक मुळं जवळजवळ नसतातच. चर खणायची आपली युक्ती तिथे चालत नाही, पाऊस नाही, ओल नाही. काढलं की मेलंच. जे शंभर टक्के मरणार ते काढणं म्हणजे छंद नव्हे.

याच घाफचा एक तोतया मात्र सगळीकडे माजलाय. आपल्याकडची वेडी बाभूळ. तिला इथे गवैफ म्हणतात. ती बाहेरून आलेली, आणि स्थानिक झाडांना जागा ठेवत नाही. ओळखायची खूण सांगतो: वेडी बाभळीचे काटे पानाच्या बेचक्यात जोडीने येतात, शमीचे डहाळीवर दोन पानांच्या मधल्या जागेत विखुरलेले असतात. दसऱ्याला शमी समजून भलतंच काही तोडून आणू नका. तसं शमीही तोडायची नाहीच, पण निदान नमस्कार तरी योग्य झाडाला व्हावा.

इथे 'रानातलं' झाड हवंच असेल तर रान सोडा आणि कुंपणं बघा. दुबईभर व्हिलांना आणि रस्त्यांना जी दाट हिरवी भिंत असते, ती बहुतेक कोनोकार्पस. इथे तिला दमास म्हणतात. तिचीच सख्खी बहीण बटनवूड, जी अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर बोन्सायसाठी प्रसिद्ध आहे. कुणाकडे बांधकाम निघालं की जुनं कुंपण उपटून टाकतात. मार्च २०२२ मध्ये आपल्याच ओएसिसमधल्या एका व्हिलाचं कुंपण काढत होते. मालकांना विचारलं, कंत्राटदाराच्या माणसांना चहा पाजला, आणि कचऱ्यात जाणारे दोन बुंधे घेऊन आलो. मांडीएवढे जाड. फूटभर ठेवून वरचं कापलं, प्युमिसच्या खडीत लावलं, वरून पारदर्शक पिशवी. तीन आठवड्यांत फुटले. ते दोन्ही आज बाल्कनीत आहेत.

इथल्या बाल्कनीसाठी तीन सूचना. एक, वाळवंटाची वाळू कुंडीत घालू नका. वाऱ्याने गोल झालेली ती बारीक वाळू दाटून बसते, निचरा होत नाही. शिवाय ती चुनखडीची, अल्कधर्मी. दोन, उन्हाळ्यात हवेपेक्षा कुंडी जास्त तापते. मुळं शिजतात. कुंडी दुसऱ्या मोठ्या कुंडीत ठेवा, मधल्या फटीत खडी घाला, वर हिरवी जाळी बांधा. तीन, एसीचं ठिबकणारं पाणी बादलीत धरा. त्यात क्षार नसतात, आणि ऑगस्टच्या दमट हवेत ते बादली-बादली मिळतं.

आणि सुट्टीत देशात गेलात तर गच्चीच्या कठड्यात, पाण्याच्या टाकीमागे, जुन्या भिंतीत बघा. वड, पिंपळ, उंबर उगवलेला असतो. तो घराला धोकाच असतो, सोसायटीवाले तुम्हाला काढायला दुवा देतील. त्यासाठी रान लुटायला नको.

परवा इथेच एका छोट्या मुलाने मला विचारलं, "काका, झाडाला दुखत नाही का?" मला पटकन उत्तर देता आलं नाही. तार, कात्री, उथळ कुंडी हे सगळं बघून मूल हेच विचारणार. चांगलं ठेवलेलं बोन्साय उपाशी नसतं, जमिनीतल्या झाडाइतकं किंवा जास्तही जगू शकतं, हे खरंय. पण एक अट आहे. जमिनीतल्या झाडाची सोय जमीन बघते. कुंडीतल्या झाडाची सोय कुणीतरी रोज बघावी लागते. रोज म्हणजे रोज. जो झाड काढतो त्याने ही जबाबदारी घेतलेली असते, आणि माझ्या सुरूच्या बाबतीत ती मी घेतलीच नव्हती. ती मामाच्या गळ्यात टाकली होती.

२०२४ मध्ये मामाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. शेजारचा मुलगा पाणी घालायचा, पण एप्रिलमध्ये तो चार दिवस परीक्षेला गेला आणि झाडाची डावीकडची मोठी फांदी वाळली. मामाने ते मला महिनाभर सांगितलं नाही. मग एका रविवारी फोनवर म्हणाला, "हे बघ, मी आता सत्त्याहत्तरचा. मला वाकवत नाही. झाड तुझं आहे, तू सांगशील ते करू. पण कुणाच्या तरी भरवशावर ठेवलेलं झाड मला रोज डोळ्यासमोर बघवत नाही."

मी पुष्कळ विचार केला. कुणाला तरी देऊन टाकावं, पुण्यात एखाद्याकडे ठेवावं. बायको म्हणाली, "तुला झाड हवंय की झाडाचा फोटो?" या प्रश्नावर आमच्या धंद्यात म्हणतात तसं, नो फर्दर कमेंट्स.

जुलै २०२५ मध्ये आम्ही सगळे गेलो. गडग्यालगत वादळाने जिथे ओळ मोडली होती, तिथे खड्डा खणला. आठ वर्षांची मुलगी घमेल्याने वाळू उपसत होती. मामा खुर्चीवर बसून सूचना देत होता, त्याला मनापासून आनंद होत होता. तारा काढल्या. कुंडीतून गड्डा अलगद सुटला, गोल गोल फिरलेली मुळं बोटांनी मोकळी केली आणि झाड खड्ड्यात उतरवलं. पाच वर्षांनी परत वाळूत. वरून पाऊस होताच.

मुलीने विचारलं, "बाबा, आता हे मोठं होणार?" मी म्हटलं, "हो." "मग तुझं बोन्साय?" मामा म्हणाला, "ते झालं की. तुझ्या बाबाला झाड कसं काढायचं ते कळलं, आता कसं लावायचं तेही कळलं." परवाच्या फोनवर मामाने सांगितलंय, शेंडा वर निघाला. आता त्याला वारा दिसणार आणि तोही वाऱ्याला दिसणार. त्याचं तो बघेल.

माझ्या बाल्कनीत दमासचे दोन बुंधे आहेत आणि वारसानच्या नर्सरीतून आणलेली शमीची तीन रोपं, खोल कुंड्यांत. त्यांना अजून तार नाही, काही नाही. येत्या दसऱ्याला त्यांची पूजा करायचा बेत आहे. ज्यांना यायचंय त्यांनी जरूर यावं, चहा मिळेल. मात्र फांदी कुणी तोडायची नाही. लहान आहेत अजून. आणि यांचं पाणी मीच घालतो, रोज सकाळी, ऑफिसच्या आधी.